दोरीवरची जर्सी

20 ऑगस्ट 2023, रविवार. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. खोपोलीच्या घरात आम्ही बहिणी मेंदीचे हात सांभाळत, डाळीच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर सिडनीतली महिला विश्वचषकाची फायनल पाहत होतो. आमच्याकडच्या पावसात कपडे घरातच वाळतात. डोक्यावरच्या दोरीवर माझी मँचेस्टर युनायटेडची जर्सी होती. पाठीवर त्यांच्या खेळाडूचं, ग्रीनवुडचं नाव, 11 नंबर. पहिल्या पगारातून घेतलेली.

29व्या मिनिटाला ओल्गा कार्मोनाचा गोल, आणि स्पेन 1-0ने जिंकलं. पदकं देताना स्पॅनिश फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष रुबियालेस यांनी खेळाडू जेनी हेर्मोसोचं डोकं दोन्ही हातांनी धरून ओठांचं चुंबन घेतलं.

"आनंदाच्या भरात झालं असेल गं," मावशी म्हणाली.

"आपल्या दादानं कबड्डीचा कप आणला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी घेतला होता का त्याचा मुका?" धाकटीनं विचारलं. मावशी हसली, मग गप्प झाली. (पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये स्पेनच्या न्यायालयानं रुबियालेसना लैंगिक अत्याचारासाठी दोषी धरून 10,800 युरो दंड केला.)

धाकटीनं मान वर करून दोरीकडे पाहिलं. "आणि ताई, याचं काय?"

"केस मागे घेतली ना," मी म्हटलं. खरंच होतं ते. मुख्य साक्षीदारांनी माघार घेतली, नवी माहितीही पुढे आली, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये खटला थांबला. एका मुलीवरच्या अत्याचाराचे ते आरोप ग्रीनवुडने नाकारलेच होते. पण जानेवारी 2022 मध्ये ते पहिल्यांदा वाचले, तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं? आता गोल कोण करणार! त्या मुलीचा विचार नंतर, बराच नंतर आला. हे मी धाकटीला सांगितलं नाही.

तिकडे ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर युनायटेडच्याच चाहत्या बायका त्याच्या संघात परतण्याला विरोध करत उभ्या राहिल्या होत्या. मीही युनायटेडचीच, पण मी जर्सी धुऊन वाळत घातली होती.

सोमवारी कर्जत लोकलमध्ये बातमी वाचली: ग्रीनवुड क्लब सोडणार. आमच्या ग्रुपवर पोरांचा एकच सूर, बायकांनी प्लेअर घालवला. रंगलेल्या बोटांनी उत्तर टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं आणि पाठवलं: "बरं झालं."

घरी येऊन जर्सी उलटी केली, नाव भिंतीकडे. सकाळी पाहते तर पुन्हा समोर.

"पाठ ओलीच होती गं," आई म्हणाली.