पाठीवरचे ओझे

मित्राची पुरती ओळख दिवाणखान्यातील गप्पांत होत नाही. पाठीवर ओझे आणि घशाला कोरड असता होते. राजगड ते तोरणा या डोंगरवाटेने मला हे पटवून दिले.

संजीवनी माचीच्या आळू दरवाजातून आम्ही दोघे उतरलो, तेव्हा उन्हे कोवळी होती. पुढे दोन गडांना जोडणारी लांबलचक सोंड. तिचे चढउतार सरता सरत नाहीत आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. पाठीवर तीन दिवसांचा शिधा, कारण १६७४ साली जेथे शिवराज्याभिषेक झाला त्या रायगडापर्यंत पायी जाण्याचा आमचा बेत होता.

दुपारी मित्राचा गुडघा दुखावला. तो काही बोलला नाही. लंगडू मात्र लागला. बुधला माची समोर दिसत होती, पण जवळ येत नव्हती. अंधाराने सोंडेवरच गाठले असते तर धडगत नव्हती. मी त्याच्या पिशवीतील तांदूळ व भांडी मुकाट्याने काढू लागलो.

"राहू दे रे," तो म्हणाला. पण त्याने पिशवी ओढून घेतली नाही. मदत करणे सोपे. मानी माणसाने ती घेणे कठीण. त्याने हट्ट धरला असता, तर दोघेही अडकलो असतो.

दिवेलागणीला कोकण दरवाजातून आम्ही तोरण्यावर शिरलो. रायगड त्या खेपेस राहिला. तोरण्याची उंची १,४०३ मीटर आहे. त्यांतील किती चढ सोबतीने सोसवला, हे मोजण्याचे माप मात्र आपणांपाशी नाही.