ल्यूथरची टोळी आणि नांदेडची पोरं

नांदेडच्या एका खासगी शिकवणीत सरांनी एका मुलाच्या वहीचं मागचं पान फाडलं, चुरगाळलं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. त्याला आता वीस वर्षं होत आली. वर्गातली बाकीची पोरं हे केव्हाच विसरली असतील. प्रस्तुत लेखक त्याच बाकावर बसला होता आणि तो विसरलेला नाही. कारण त्या वहीत सगळ्यात जास्त जीव ओतलेलं पान तेच होतं. मधोमध लेक्स ल्यूथर. त्याच्या भोवती जोकर, चीता, कॉपरहेड, सॉलोमन ग्रंडी, स्टार सफायर आणि शेड. सगळ्यांच्या मागे फुगलेल्या डोक्याचा पांढरा वानर, अल्ट्रा-ह्युमनाईट. प्रत्येकाच्या पायाशी बारीक अक्षरात त्याची ताकद आणि त्याची कमजोरी लिहिलेली. वानराच्या कमजोरीसमोर मात्र नुसतं प्रश्नचिन्ह होतं. त्या प्रश्नचिन्हावरून तिघाचौघांचं कित्येक दिवस भांडण चाललं होतं.

‘जस्टिस लीग’ ही मालिका अमेरिकेत नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, मार्शियन मॅनहंटर आणि हॉकगर्ल असे सात जण त्यात होते. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर ती हिंदी आवाजात दिसे. शाळेतून आल्यावर दप्तर भिरकावून पोरं टीव्हीसमोर बसत, हे वेगळं सांगायला नको. वाद ज्या भागावरून पेटला त्याचं नाव ‘इनजस्टिस फॉर ऑल’. गोष्ट दोन भागांत होती आणि अमेरिकेत ती सप्टेंबर २००२ मध्ये दाखवली गेली. सुपरमॅनला दूर ठेवायला ल्यूथर वर्षानुवर्षं क्रिप्टोनाईटचा तुकडा जवळ बाळगतो आणि त्याच दगडानं त्याला कॅन्सर होतो. मरायच्या आधी हिशेब चुकता करायचा म्हणून तो तुरुंगातून पळतो आणि पैसे मोजून खलनायकांची टोळी उभी करतो. जोकर आमंत्रण नसताना येऊन बसतो. बॅटमॅन त्यांच्या हाती लागतो. पहिल्या भागात साधारण इतकं.

दुसऱ्या भागाच्या वेळी लाईट गेली.

त्या काळात मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली, नवी वीज आली नाही, आणि तुटवड्याचा भार कुणी सोसायचा हे ठरलं तेव्हा मराठवाड्याच्या वाट्याला तासन्‌तासांचा अंधार आला. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं, पाटी बदलली, भारनियमन तसंच राहिलं. मोठ्या माणसांना कार्टून चुकणं हे नुकसान वाटत नव्हतं. ‘बरं झालं, अभ्यास तरी करा,’ एवढंच ऐकायला मिळे. अंधारात कसला अभ्यास करायचा, हे कुणी सांगत नसे.

एका भागात अंधार असला तरी पलीकडच्या भागात लाईट असायची. वजिराबादच्या एका मित्राकडे त्या संध्याकाळी ती होती. त्यामुळे दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या जिन्यात सगळ्यांनी त्याला घेरलं.

“बॅटमॅननं त्या वानराला फोडला की! ल्यूथर देऊलालता त्याच्या डबल पैशे दिले अन् आपल्याकडं घेतला.”

“म्हणजे मारामारी न करता?”

“मारामारी झाली की नंतर. पण डाव पैशानंच फिरला.”

क्षणभर कुणी बोलेना. मग देगलूर नाक्याकडून येणारा मित्र दक्खनीत म्हणाला, “हीरो पैसे देको जीतता क्या रे? फिर ल्यूथर में और इसमें फरक क्या?”

हा प्रश्न त्या वयात फार मोठा होता आणि तो हलका करून बघण्याचं कारण आजही दिसत नाही. त्याआधी या पोरांचा खलनायक म्हणजे ‘शक्तिमान’मधला तमराज किल्विश. १९९७ पासून दूरदर्शननं तो घराघरांत पोचवला होता. किल्विशच्या माणसांना मोबदला कोण देतं, ती त्याच्यासाठी का लढतात, असलं काही विचारायचं नसे. अंधाराची माणसं अंधाराच्या बाजूची, संपलं. ल्यूथरची टोळी तशी नव्हती. ती भाड्यानं आणलेली होती, प्रत्येकाचा आपापला हिशेब होता आणि एकाचाही दुसऱ्यावर भरवसा नव्हता. हातपाय जखडलेला बॅटमॅन काय करतो, तर बोलतो. ज्याच्या त्याच्या मनातली फट बघून तिथं पाचर मारतो. मुलांना हे समजायला जड गेलं नाही. जून २००२ मध्ये लातूरच्या विलासराव देशमुखांचं सरकार धोक्यात आलं तेव्हा आमदारांना थेट बंगलोरला नेऊन ठेवलं होतं आणि कोण कुणाला फोडतंय याची चर्चा घराघरांत झाली होती. फोडाफोडी काय असते ते नांदेड-लातूरच्या पोरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ती बॅटमॅननं करावी?

दोन पक्ष पडले. वजिराबादचा मित्र म्हणे, जिंकलं की झालं, जस्टिस लीगच्या अवकाशतळावर बॉम्ब असताना कसले नियम घेऊन बसलात. दक्खनी बोलणारा अडून बसला की विकत घेतलेला माणूस उद्या पुन्हा विकला जातो. प्रस्तुत लेखक दुसऱ्या बाजूला होता, आणि चांगलाच तावातावानं.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून मामेभाऊ आला आणि सगळा वाद मुळातून हलला. तो तेव्हा दहावीत. दहावीचं वर्ष लागलं म्हणून घरची केबल काढून टाकलेली. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तेव्हा महाराष्ट्रभर दबक्या आदरानं घेतला जाई. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांची नावं गुणवत्ता यादीशी जोडलेली होती आणि गावोगावचे आईबाप मुलांना खोली घेऊन देऊन तिथं ठेवत होते. दहावी-बारावी म्हणजे केबल बंद, हा तिथल्या अनेक घरांत न लिहिलेला कायदा होता. तरीही या भावानं शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून दुसरा भाग पाहिला होता, अगदी शेवटपर्यंत. तो म्हणाला, “अरे, शेवटचा सीन बघितला नाहीस का? त्या वानरानं पैसे स्वतःला ठेवलेच नाहीत. टीव्हीवर गाण्या-बिण्याचा कार्यक्रम लागतो बघ तसल्या चॅनेलला दान द्यायला लावले. तो तुरुंगात बसून शांतपणे संगीत ऐकायलाय.”

वजिराबादच्या मित्राला ते माहीतच नव्हतं. मारामारी संपल्यावर त्याच्या घरी टीव्ही बंद झाला होता.

म्हणजे इतके दिवस जे भांडण चाललं ते अर्धवट माहितीवर. शास्त्रीय संगीतावर जीव असलेला, ल्यूथरच्या रांगडेपणाला मनातून कंटाळलेला एक विद्वान गुन्हेगार पैसे मागतो आणि ते सार्वजनिक वाहिनीला देतो. मग तो विकला गेला, की त्याला हवं तेच त्यानं करून घेतलं? दक्खनी बोलणाऱ्या मित्रानं हे ऐकून बराच विचार केला आणि म्हणाला, “हौ, फिर वो बिका नै.” पण बॅटमॅनवरचा आरोप त्यानं मागे घेतला नाही. त्याचं म्हणणं, बॅटमॅननं बोली लावली तेव्हा हा पैसे कुठं देणार हे त्याला कुठं ठाऊक होतं. त्यावर आजही कुणाकडे चोख उत्तर नाही. वर्गातल्या कुणी ‘कम्फर्ट अँड जॉय’ हा नाताळचा भाग पाहिला होता. त्यात हाच अल्ट्रा-ह्युमनाईट फ्लॅशच्या सोबतीनं अनाथ मुलांचं खेळणं दुरुस्त करून देतो. तोही पुरावा म्हणून हजर झाला.

वहीतलं चित्र याच दिवसांतलं. काढणारा मुलगा बोलायचा कमी. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतलेली राज कॉमिक्सची नागराज, ध्रुव आणि डोगा समोर ठेवून त्याचा हात तयार झाला होता. प्रत्येक बाजूचं म्हणणं ऐकून तो ताकद आणि कमजोरीच्या नोंदी बदलत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. ग्रंडीच्या खाली ‘भोळा’ लिहिलं होतं. ल्यूथरच्या खाली ‘कोणावरच विश्वास नाही’. हे एका बारा वर्षांच्या मुलानं लिहिलेलं आहे आणि त्या भागाचा सारा गाभा त्यात आला आहे. सर मागून आले, त्यांनी पान पाहिलं, वर्गाला दाखवलं. “आईबाप पोटाला चिमटा घेऊन फी भरतात आणि हे माकडं काढतंय.” वर्ग हसला. मग पान फाटलं. मुलाला उभं करून ‘पुन्हा असं करणार नाही’ असं वदवून घेतलं. संध्याकाळी घरी फोन गेला, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या घरची केबल निघाली. बाकीच्यांनाही दम मिळाला की शिकवणीच्या आवारात कार्टूनचं नाव निघालं तर बघा.

त्या मुलानं काय गुन्हा केला होता? त्यानं तासाला दंगा केला नव्हता, गणितही सोडवून ठेवलं होतं. त्यानं आठ पात्रांच्या स्वभावाचा अभ्यास केला होता, वाद ऐकून घेतला होता, जिथं उत्तर मिळत नव्हतं तिथं प्रश्नचिन्ह सोडलं होतं. मराठीच्या पेपरात ‘स्वभावचित्रण करा’ म्हणून पाच गुणांना विचारतात ते याहून वेगळं काय असतं? ज्यांच्या हाताखाली अशी मुलं आहेत त्यांनी पान फाडण्याआधी एकदा वाचावं. आईबापांनीही शिकवणीतून फोन आला की ताबडतोब वायर कापायला धावू नये. पोराला आधी विचारावं की तू काय काढलं होतंस.

हे लिहिताना लातूरच्या भावाची आठवण येते, कारण तो आज डॉक्टर आहे आणि त्याला केबल काढल्याचं काहीही वाईट वाटत नाही. “काढली म्हणूनच इथवर आलो,” असं तो ठामपणे सांगतो. त्याच्याकडे बघितलं की ते खरंही वाटतं. मराठवाड्यात एका घरातलं एक पोरगं डॉक्टर झालं की सगळं घर वर येतं, हे कुणी नाकारू नये. पण तोच भाऊ शेजाऱ्यांच्या दारात उभा राहून दुसरा भाग पाहत होता, आणि तो शेवटचा प्रसंग आजही शब्दन्‌शब्द सांगतो. चित्र काढणाऱ्यानं पुढे पेन्सिल हातात धरल्याचं मात्र कुणाच्या पाहण्यात नाही.

आणखी एक गोष्ट सलते. ही सगळी चर्चा हिंदीतून आलेल्या गोष्टीवर, मराठीत आणि दक्खनीत चालली होती. नांदेडहून काही तासांवर, निजामाबादला, २००९ मध्ये सन समूहाची ‘खुशी टीव्ही’ ही मुलांसाठीची तेलुगू वाहिनी दिसू लागली. तमिळची ‘चुट्टी’, कन्नडची ‘चिंटू’, मल्याळमची ‘कोचू’ त्याच घरातल्या. धर्माबाद-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या पोरांना तरी आपल्या बोलीत कार्टून मिळालं. मराठी पोरांनी बॅटमॅनचे डावपेच हिंदीत ऐकले आणि त्यांचं मराठी स्वतःच केलं.

या खलनायकी टोळ्यांचा इतिहास तसा जुना. अमेरिकी कॉमिक्समध्ये ‘इनजस्टिस सोसायटी’ आली १९४७ मध्ये, तेव्हा मराठवाडा अजून निजामाकडे होता. १९७८ च्या ‘चॅलेंज ऑफ द सुपर फ्रेंड्स’ या कार्टूनमध्ये तेरा खलनायकांची ‘लीजन ऑफ डूम’ होती. ‘जस्टिस लीग’नं २००३ मध्ये ‘सिक्रेट सोसायटी’ दाखवली. त्यात गोरिला ग्रॉड आपल्या टोळीला एकोप्यानं लढायला शिकवतो आणि भांडणं नायकांमध्ये लागतात. तो भाग या मित्रांनी ल्यूथरच्या भागापेक्षा सरस ठरवला होता. प्रस्तुत लेखकाला आता तसं वाटत नाही.

कारण मधल्या काळात त्यानं ‘इनजस्टिस फॉर ऑल’चे दोन्ही भाग सलग, लाईट न जाता, पाहिले. वजिराबादचा मित्र आणि लातूरचा भाऊ दोघांनीही जे सांगितलं ते खरंच होतं. पण त्यांच्या सांगण्यात आणि नंतरच्या सगळ्या भांडणात चीताचं नाव एकदाही आलं नव्हतं. चीता मूळची संशोधक. पैसा संपला म्हणून तिनं प्रयोग स्वतःवर केला आणि तिचं असं झालं. ती हे बॅटमॅनला सांगते, तो ऐकून घेतो, ती त्याचं चुंबन घेते. ते चित्रण ल्यूथरपुढे येतं, फितूर ठरते ती, आणि ल्यूथर तिला ग्रंडीच्या हवाली करतो. खरा फुटलेला गडी टोळीतच राहतो. अल्ट्रा-ह्युमनाईटच्या दानावर पोरांनी इतके दिवस वाद घातला, तेव्हा त्याच्या जागी कुणाला धरलं गेलं हे विचारायचं राहूनच गेलं. लेखकानं हे दक्खनी बोलणाऱ्या मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला की तो भाग त्यानं अजूनही पूर्ण पाहिलेला नाही, आणि चीता मरते का. ती मरत नाही, ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’मध्ये पुन्हा दिसते. हे ऐकल्यावर त्यानं विचारलं की मग ती ल्यूथरला जाब विचारते का.