गच्चीवरील पाणी

बरकतपुऱ्यात काचीगुड्याच्या बाजूस जी थोडी जुनी मराठी घरे अद्याप उरली आहेत, त्यांतील एका घरून गेल्या वर्षी ऑगस्टच्या मध्यास आम्हांस बोलावणे आले. त्या घरातील बारा वर्षांचा मुलगा रोज सायंकाळी आमच्या निवासस्थानी अभ्यासास येत असे. चार-पाच दिवस तो आला नव्हता. जाऊन पाहतो तो पोर दोन गोधड्यांखाली कुडकुडत पडलेला. आधी हुडहुडी, मग अंग भाजून काढणारा ताप, मग दरदरून घाम. मधला एक दिवस अगदी बरा, आणि पुढल्या दिवशी पुन्हा तोच क्रम. आजी पदर सावरीत म्हणाल्या, "फादर, हा एकांतरा आहे, दुसरं काही नाही. समोरची ती गटार पाहिलीत ना? कितीदा सांगितलं, कोणी लक्षच देत नाही." दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, त्यात हिवतापाचा व्हायवॅक्स जातीचा जंतू सापडला. आजींचे तापाविषयीचे निदान बरोबर ठरले. गटारीविषयीचे मात्र चुकले.

ही चूक एकट्या आजींची नव्हे. घाण व दुर्गंधी यांतून हिवताप उपजतो, अशी समजूत जगभर होती; 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा' असा आहे. वस्तुतः गटारीच्या कुजक्या पाण्यात वाढतो तो क्यूलेक्स डास. तो हत्तीरोगाचा कृमी वाहून नेतो, पण हिवतापाचा जंतू त्याच्या पोटात वाढूच शकत नाही. हिवताप पसरविणारा ॲनॉफेलीस डास पाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. त्यातील जी जात शहरांत वसली आहे, तिला विहिरी, हौद, कूलर व गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाणीच आवडते. म्हणजे जे पाणी आपण पितो, तेच!

हा शोध लागला तो आमच्याच शहरात. बरकतपुऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकास बेगमपेठ आहे; तेथील एक जुनी इमारत आज रोनाल्ड रॉस यांच्या नावाने उस्मानिया विद्यापीठाकडे आहे. लष्करी वैद्यकीय सेवेतील रॉस हे दोन वर्षे भलत्याच जातीचे डास चिरून पाहत होते आणि त्यांच्या हाती काहीच लागत नव्हते. पंखा चालविला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून सिकंदराबादच्या उकाड्यात ते पंख्याविना बसत. कपाळावरील घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले. अखेर १८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास त्यांना मिळाले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णास दर डासामागे एक आणा देऊन त्यांनी ते डास १६ तारखेस त्यास चावविले. २० ऑगस्ट रोजी अशा एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळसर कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. २१ तारखेस चिरलेल्या दुसऱ्या डासात त्याच पेशी अधिक मोठ्या झालेल्या होत्या. जंतू डासाच्या देहात वाढत होता! त्या शोधासाठी १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकेक आणा घेणाऱ्या हुसेन खानाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे कोणास सुचले असेल काय, असे आमच्या मनात नेहमी येते.

'वाढत होता' या दोन शब्दांत सारे मर्म आहे. डास रुग्णास चावला म्हणजे तो लगेच दुसऱ्यास ताप देऊ शकतो असे नव्हे. जंतूस डासाच्या जठरातून त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचावे लागते, आणि त्यास किती दिवस लागतील हे डास ठरवीत नाही, हवा ठरविते. डासास स्वतःची ऊब नसते; बाहेर जितके अंश, तितकेच त्याच्या पोटात. १६ अंशांच्या सुमारास व्हायवॅक्सची वाढ जवळजवळ थांबते; २० अंशांवर तीनएक आठवडे लागतात; २६ अंशांवर नऊ-दहा दिवस पुरतात. डासाचे आयुष्य मोजक्या आठवड्यांचे, म्हणून थंडीत जंतू पक्व होण्याआधी बहुतेक डास मरून जातात. उलट मे महिन्याच्या कोरड्या झळांत डास टिकत नाहीत. परंतु पाऊस पडून हवा ओलसर झाली आणि हैदराबादचे तपमान पंचवीस-सव्वीस अंशांवर स्थिरावले, की जंतूची वाढ आणि डासाचे आयुष्य यांची नेमकी गाठ पडते. रॉस यांना यश आले तो महिना ऑगस्टच होता, हे विसरू नये.

आणि व्हायवॅक्स तर विलक्षण धूर्त! बाहेरचा ऋतू प्रतिकूल असला तरी तो माणसाच्या यकृतात महिनोन्‌महिने निजून राहतो व पुढे पुन्हा उठतो. म्हणूनच ताप उतरल्यावरही चौदा दिवस प्रायमाक्वीनच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. त्या अर्ध्यावर सोडून देणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पाण्याशी असा संबंध असलेला हिवताप हा काही एकटाच रोग नव्हे. आमचे बालपण जालन्याच्या बाजूस गेले. तेथे आमची आजी नारूच्या गोष्टी सांगे: पायातून निघणारा तो कृमी काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत बाहेर काढावयाचा. नारूवाल्याने पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडविला की कृमी आपली पिले पाण्यात सोडी, ती बारीक जलकीटकांच्या पोटात शिरत, आणि तेच पाणी गाव पिई. विहिरी बदलल्या, लोक पाणी गाळू लागले, आणि औषध वा लस यांवाचूनच २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मुंबईत हिवतापासाठी विहिरी झाकण्याचा प्रयत्न याहूनही जुना आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी तेथील विहिरींवर बोट ठेवले, तेव्हा धर्माच्या कारणाने पुष्कळांनी विरोध केला. आपल्या घरच्या पाण्यास कोणी दोष दिलेला कोणास रुचतो?

आम्हांसही रुचला नाही. मुलाच्या तापाची वर्दी गेल्यावर महापालिकेचा एक कर्मचारी गल्लीतील गच्च्या पाहत आला. मुलाच्या घरची टाकी घट्ट बंद होती. आमच्या टाकीचे झाकण एप्रिलच्या वादळात फुटले होते. नळवाला 'उद्या येतो' म्हणाला, आणि आम्ही एक पत्रा व त्यावर दोन विटा ठेवून तो विषय विसरलो. त्याने पत्रा उचलला, पळीने पाणी घेतले व आमच्यापुढे धरले. पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडव्या पडलेल्या सातआठ अळ्या. "साब, गटार नक्को देखो," तो शांतपणे म्हणाला, "ये देखो."

त्या रात्री आम्ही मागे मागे हिशेब केला. ताप ऑगस्टच्या मध्यास. चावल्यावर ताप येण्यास सुमारे दोन आठवडे, म्हणजे डास चावला तो जुलैच्या अखेरीस. त्याआधी नऊ-दहा दिवस तो कोणा आजारी माणसास चावलेला. आणि त्याआधी अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस. जुलैचा आरंभ. आमचे झाकण तोवर तीन महिने फुटलेलेच होते, आणि हा मुलगा दिवेलागणीपासून दोन तास आमच्याच ओसरीवर बसत होता. तो डास आमच्याच टाकीतला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तो नव्हता, असेही आम्ही सिद्ध करू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी नवे झाकण बोल्ट लावून बसविले व मग आजींकडे गेलो. इतरांच्या चुका ऐकून घेण्याची आम्हांस सवय. आपली सांगताना शब्द सापडेनात. आजींनी सारे ऐकले. मुलाची प्रायमाक्वीनची सहावी गोळी त्याच्या हातावर ठेवली, तो ती गिळीपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मग आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमच्या कूलरमध्येही उन्हाळ्यापासून पाणी होतं, फादर. तो माणूस येण्याच्या आदल्या रात्री मीच ओतून टाकलं."