दहावा फूट

पिकअप घ्यायला निघालेल्या माणसाला इंजिन, मायलेज, हप्ता आणि वॉरंटी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. हौद्याच्या लांबीविषयी मात्र सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो : परवडत असेल तर लांबच घ्या, जागा कधी वाया जात नाही. मालवाहू गाड्यांची बॉडी आणि तिच्यावरचा भार हाच माझा कामाचा विषय आहे, आणि मला हा सल्ला पटत नाही. पनवेल परिसरात ज्या प्रकारचा माल सर्वांत जास्त हलतो, तो पाहिला तर या सल्ल्याने अनेकांचे नुकसानच होते. घराघरांत दसरा-पाडव्याला गाडी बुक करण्याची बोलणी चालतात, त्या वेळी माझे म्हणणे नीट तपासून पाहावे, एवढ्यासाठी ते सविस्तर मांडतो. हौदा किती लांब हवा, हे आपण नेणार त्या मालाच्या लांबीवरून ठरत नाही. त्या मालाचे वजन आधी भरते की जागा आधी भरते, यावरून ते ठरते.

आपल्याकडे हौदा फुटांत मोजतात. २००५ मध्ये टाटा एस आली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हटले, आणि सात फुटी हौद्यावर हजारो जणांचे धंदे उभे राहिले. पुढे आठ, नऊ, दहा फूट अशी मापे रुळली. आजच्या निवडीचा पेच स्वच्छ दिसतो तो महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये. २०२३ मध्ये आलेल्या या गाडीच्या एचडी मालिकेत १.७ टन भार घेणारी गाडी दोन लांब्यांत मिळते : २७६५ मिलिमीटर, म्हणजे बोलीभाषेतली नऊ फुटी, आणि ३०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फुटी. दोन्हींची रुंदी १७०० मिलिमीटर. फरक २८५ मिलिमीटरचा, म्हणजे अकरा इंचांहून थोडा अधिक. तळाचे क्षेत्रफळ ४.७ चौरस मीटरवरून सुमारे ५.२ वर जाते. जागा दहा टक्क्यांनी वाढली, वजनाची परवानगी मात्र एका किलोनेही वाढली नाही. ही दुसरी गोष्ट खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आता पनवेलचा माल पाहू. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून उलव्यापासून पळस्प्यापर्यंत बांधकाम चालू आहे. त्यामुळे इथल्या पिकअपमध्ये क्रश सँड, सिमेंट, लाद्या, पेव्हर ब्लॉक आणि सळई यांचा भरणा असतो. कोरड्या वाळूचे वजन घनमीटरला साधारण १६०० किलो. १७०० किलो वाळू नऊ फुटी हौद्यात सारखी पसरली तर तिचा थर साडेबावीस सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम एक वीत होतो. दहा फुटी हौद्यात तीच वाळू साडेवीस सेंटिमीटर भरते. सिमेंटचे तेच. ५० किलोच्या ३४ गोण्या झाल्या की गाडीचे पासिंग संपले, आणि त्या गोण्या सपाट मांडल्या तर हौदा वीत-सव्वा वीतच भरतो. अशा माणसाला दहाव्या फुटाने काय दिले? उलट त्या फुटाचे लोखंड तो प्रत्येक खेपेला वाहतो. गाडीचे स्वतःचे वजन वाढले की एकूण मंजूर वजनातून तेवढा माल कमी होतो, किंवा कंपनीला एकूण मंजूर वजनच वाढवून घ्यावे लागते. फुकट काहीच मिळत नाही.

याची एक सोपी कसोटी देतो. पिकअपवर माल दोराने आवळून चार फुटांपर्यंत, म्हणजे १.२ मीटर रचता येतो असे धरू. नऊ फुटी हौद्यात तेव्हा सुमारे ५.६ घनमीटर जागा होते. १७०० किलोला तिने भागले की घनमीटरला ३०० किलो हा आकडा येतो. याहून जड मालात आधी वजन संपते, याहून हलक्या मालात आधी जागा संपते. वाळू, सिमेंट, पाण्याचे जार, बर्फातली मासळी हे सगळे या रेषेच्या खूप वर आहेत. टोमॅटोसारखा फुगीर वाटणारा मालही वरच आहे, याचे अनेकांना नवल वाटते. साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटरचे प्लास्टिक क्रेट धरा, भरलेला क्रेट २२ किलोचा. नऊ फुटी हौद्यात एका थरात २१ क्रेट बसतात, दहा फुटीत २४. चार थरांचे ८४ क्रेट झाले तर वजन १८४८ किलो, म्हणजे चौथा थर पुरा होण्याआधीच गाडी भरली. दहा फुटीतले ९६ क्रेट दोन टनांच्या वर जातात. पण तेच क्रेट रिकामे परत न्यायचे असतील, पालेभाजी असेल, झेंडूची फुले, गाद्या, थर्माकोल किंवा प्लास्टिकच्या खुर्च्या असतील, तर हिशेब पूर्ण उलटतो. तिथे वजन निम्मेही होत नाही आणि हौदा भरतो. त्या माणसाला दहावा फूट दर खेपेला दहा टक्के जास्त माल देतो, आणि त्याने तो अवश्य घ्यावा.

आमच्या रायगडात याहूनही ठळक उदाहरण आहे, ते पेणच्या गणेशमूर्तींचे. हमरापूर आणि जोहे या गावांतून उन्हाळ्यापासूनच मूर्ती बाहेर पडू लागतात. मूर्तीवर मूर्ती ठेवता येत नाही. फळ्यांचे माळे बांधले तरी उंचीला लवकर मर्यादा येते. त्यामुळे इथे घनफळही बाजूला राहते आणि मोजायचा तो फक्त तळ. अशा मालाला हौद्याचा प्रत्येक इंच पैसा देतो. मूर्तींचा व्यवसाय करणाऱ्याने किंवा काच, फर्निचर अशी एकावर एक न रचता येणारी वस्तू नेणाऱ्याने नऊ फुटी घेतली, तर मला ती चूकच वाटेल. लांब हौद्याला माझा विरोध नाही. तो ज्याच्या मालाला हवा त्याच्याकडे असावा, एवढेच मी म्हणतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की जागा उरली तर बिघडले काय, रिकामी राहील. इथे प्रश्न वजन कुठे पडते याचा आहे. हौद्याची पुढची भिंत केबिनमागे ठरलेली असते, लांबी वाढते ती मागे. सारख्या पसरलेल्या मालाचा मध्य त्यामुळे २८५ च्या निम्म्याने, म्हणजे १४२ मिलिमीटर मागे सरकतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधले अंतर, ३२०० मिलिमीटर धरला तर १७०० किलोच्या मालातले सुमारे ७५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जाऊन मागच्या अ‍ॅक्सलवर पडतात. हा झाला सारखा पसरलेल्या मालाचा हिशेब. प्रत्यक्षात हमाल माल भरतात ते फाळका उघडून, मागून. लांब हौद्यात पुढे चढून जाण्याचा कंटाळा झाला की जड लाद्या मागच्या अर्ध्यात राहतात, मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे जातो, आणि पुढची चाके हलकी होतात. कर्नाळ्याच्या खिंडीत किंवा बोरघाटात, पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावर, स्टिअरिंग हलके लागणे याचा अर्थ गाडी वळणावर सांगितलेले ऐकणार नाही असा असतो. मागचे पाटे आणि टायर लवकर जातात ते वेगळेच. म्हणून लांब हौदा घेताना माहितीपत्रकात हौद्याच्या लांबीबरोबर व्हीलबेसही वाचावा. टाटा इंट्राच्या व्ही३० मध्ये हौदा २६९० आणि व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे, व्ही५० मध्ये २९६० आणि २६००. हौदा २७० ने वाढला, व्हीलबेस १५० ने. उरलेला हौदा मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबतो. कंपनीने पाटे आणि चेसिस त्या हिशेबाने दिलेले असतात, पण माल भरणाऱ्याने तो हिशेब पाळला तरच त्याचा उपयोग. व्हीलबेस वाढवला की दुसरी किंमत मोजावी लागते : वळायला लागणारी जागा जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. सिडकोच्या सेक्टरांतल्या रस्त्यांवर याचे फार काही वाटत नाही. जुन्या पनवेलात, लाईन आळीत किंवा उरण नाक्याच्या गर्दीत, एका दमात होणारे वळण दोनदा मागेपुढे करून घ्यावे लागते.

रिकाम्या जागेचा आणखी एक धोका आहे आणि मी तो सर्वांत गंभीर मानतो. हौद्यात जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणते, अजून चार गोण्या टाका. मालकाला भाडे वाढल्यासारखे वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, जादा माल उतरवण्याचा खर्च निराळा. चार गोण्यांचे भाडे आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. दंड चुकला तरी ब्रेक, क्लच आणि पाटे आपला वाटा घेतातच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाइप, पत्रे, सळई अशा लांब मालाचे काय? कळंबोलीचा लोखंड बाजार शेजारी असताना हा प्रश्न टाळता येत नाही. पण मालाची खरी मापे समोर ठेवली की या आक्षेपातले बळ बरेच ओसरते. सळई १२ मीटरची येते, मधोमध दुमडली तरी ६ मीटर. लोखंडी पाइपही ६ मीटर, म्हणजे वीस फूट. अशा मालाला नऊ फूट जितके अपुरे तितकेच दहा. दोन्ही हौद्यांतून तो निम्म्याने बाहेर येणार, आणि कलम १९४ च्याच पोटकलम १अ नुसार माल हौद्याबाहेर काढून नेण्यालाही २०,००० रुपये दंड आहे. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाचा विचार केला तर तो दंड मला कमीच वाटतो. असा माल मोठ्या ट्रकचाच आहे. दुसऱ्या टोकाला प्लायवूड, आठ बाय चार फुटांचा : तो छोट्या हत्तीत फाळका लावून सपाट बसत नाही, पण नऊ फुटीत आरामात बसतो. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० सारख्या पिकअपना साडेपाच, साडेसहा आणि आठ फुटी हौदे मिळतात, आणि तिथला सगळा वाद या आठ फुटी प्लायवूडभोवती फिरतो. आपल्याकडची नऊ फुटी गाडी त्या वादाच्या पलीकडे गेलेली आहे. दहाव्या फुटाचा खरा फायदा होतो तो फक्त दहा फुटी मालाला : ३ मीटरचे पीव्हीसी पाइप आणि दहा फुटी पत्रे. प्लंबिंगचे किंवा पत्र्याच्या शेडचे काम रोजचे असेल तर दहा फुटी घ्यावी, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पाच-दहा पाइप कधीमधी न्यायचे असतील तर ते नऊ फुटीतही तिरके बसतात, कारण तिचा कर्ण सव्वातीन मीटरच्या आसपास आहे.

तिसरा आक्षेप परतीच्या भाड्याचा. नाक्यावर उभी राहणारी गाडी जाताना लाद्या नेते आणि येताना घरसामान आणते, तिला एकच माल कसा ठरवणार? अशा मालकाने मागच्या दोन-तीन महिन्यांची भाडी कागदावर मांडावीत आणि प्रत्येकापुढे गाडी वजनाने भरली की जागेने, एवढेच लिहावे. शंका असेल तिथे वजनकाट्याची पावती पाहावी. पनवेलच्या आसपास काटे पुष्कळ आहेत. जागेने भरलेल्या खेपा निम्म्याहून जास्त निघाल्या तर दहा फुटी, नाहीतर नऊ. घरसामानाविषयी थोडा गैरसमज आहे. दोन खोल्यांच्या घराचे कपाट, फ्रिज आणि पलंग यांत आठ फुटांहून लांब वस्तू सहसा नसते.

राहता राहिले ते आखूड घेऊन पुढे गरज पडली तर हौदा वाढवून घेऊ म्हणणारे. बॉडीबांधणीच्या कामातला म्हणून मी हे अगदी स्पष्ट सांगतो : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. मागे एक फूट जोडलेली गाडी फिटनेसला अडते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. चेसिस न वाढवता नुसता हौदा वाढवला तर वर सांगितलेला भाराचा तोल आणखी बिघडतो, आणि त्या वेळी त्यामागे कंपनीचा कोणताही हिशेब नसतो. त्यामुळे लांबीचा निर्णय बुकिंगच्या दिवशीच पुरा व्हायला हवा. शोरूममध्ये जाताना मोजपट्टी न्यावी, फाळका लावून हौदा आतून मोजावा, आणि आपल्या मालाच्या एका पेटीचे, गोणीचे किंवा क्रेटचे माप आणि वजन लिहून सोबत ठेवावे.