भरतीची वाट

विजयदुर्गला मी या खेपेस गेलो तो किल्ला पाहायला नव्हे. किल्ला पूर्वी दोनदा पाहून झाला होता. ओढ होती ती मराठ्यांच्या आरमारी गोदीची. किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत, वाघोटनच्या खाडीकाठी, खडक खोदून ती केलेली आहे. रस्त्यानेही तिथे जाता येते. पण भाच्याने पुण्याहून मोटारीच्या टपावर बांधून एका मित्राची कयाक आणली होती. "मामा, गोदी पाहायची ती पाण्यातून!" तो म्हणाला, आणि मामा हुरळला.

कयाक म्हणजे दोन्हीकडे पाते असलेल्या वल्ह्याने मारायची अरुंद होडी. आमची दोघांची, जाड पिवळ्या प्लॅस्टिकची. वजन तीसेक किलो. सकाळी निघालो तेव्हा भरती नुकतीच ओसरू लागली होती. वाटेत एका काठाला उतरून दशम्या सोडल्या, माडाखाली अंमळ आडवे झालो, आणि व्हायचे तेच झाले. डोळे उघडले तो पाणी पन्नास पावले मागे, आणि होडी कोरड्या जांभ्यावर!

जांभा म्हणजे देवाने केलेली किसणी, आणि तिच्यावर कालवांच्या धारदार शिंपा. "ओढू या," मी म्हणालो. भाच्याने पुढची दोरी खांद्यावर घेतली, मी मागून रेटा दिला. पुढचे टोक उचलले की सारा भार मागच्या टोकाखालच्या तळहाताएवढ्या जागेवर येतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. वीस पावले गेल्यावर मागे पाहिले, तर तांबड्या दगडावर पिवळा कीस पडलेला!

जवळच एक म्हातारे तांडेल जाळे सांधीत बसले होते. आमचा पराक्रम ते मघापासून पाहत असावेत. उठून आले, होडी उलटी करायला लावली, आणि खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कित्याक ओढतास?" ते म्हणाले. "होडी म्हणजे काय ढोर न्हय. पाणी येतलाच."

भाच्याचा चेहरा उतरला. होडी लाकडाची असती तर फळी बदलता आली असती. फायबरची असती तर कापड आणि राळ लावून भागले असते. या प्लॅस्टिकला मात्र साधा डिंक धरतच नाही. तापवून, तोच माल वितळवून सांधावे लागते. भोक पडले नव्हते, पण तळ पातळ झाला होता, आणि होडी दुसऱ्याची होती.

मग तांडेलांनी सूत्रे हाती घेतली. आधी आतले सामान, पाण्याच्या बाटल्यासुद्धा, काढायला लावले. दोघांनी दोन टोके धरून होडी सरळ उचलायची, जमिनीला लावायचीच नाही. दम लागला तर खाली ओल्या झावळ्या. वाळू लागली तिथे माडाचे दोन ओंडके आडवे घालून ती पुढे सरकवली. मागचा ओंडका मोकळा झाला की तोच पुन्हा पुढे. शेवटी होडी सावलीत ठेवली, कारण उन्हाने तापलेले प्लॅस्टिक मऊ पडते आणि स्वतःच्याच भाराने चेपते. मग आम्ही तिघे स्वस्थ बसलो.

दुपार कलली तशी भरती आली आणि होडी अलगद उचलून घेऊन गेली. संध्याकाळच्या उन्हात गोदीशी पोचलो. जुन्या गॅझेटियरात तिची मापे ३५५ फूट लांब, २२७ फूट रुंद अशी आहेत. आता ती बरीच गाळाने भरली आहे. पण पाण्यावर बसून पाहताना तिची करामत उमगली. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला ते कोरडे पडले की तळ खरवडून डागडुजी करायची, आणि पुढच्या भरतीला बाहेर काढायचे. आंग्रे-धुळपांच्या माणसांनी एवढाली गलबते दगडावरून ओढली नाहीत. ओढण्याचे काम त्यांनी चंद्रावर सोपवले होते.

पुण्यात मित्राकडे होडी पोचवताना मीच बरोबर गेलो, आणि दुरुस्तीचा खर्च माझा, हे आधीच सांगून टाकले. त्याने होडी उलटी केली. तांडेलांसारखाच अंगठा फिरवला.

"घाई होती का?" त्याने विचारले.

आम्ही मामा-भाचे खाली पाहू लागलो.