आधी ५०, मग २०

ऐंशीच्या दशकात नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या कुणालाही विचारा, मायक्रोप्रोसेसरची पहिली भेट बहुधा ८०८५ च्या किटवरच झालेली असते. चाळीस पिनांची ती चिप, खाली कीपॅड, वर लाल आकड्यांचा सहा घरांचा डिस्प्ले. त्यात चार घरं पत्त्याची, दोन माहितीची. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, मग रमेश गावकरांच्या पुस्तकातल्या तक्त्यात प्रत्येक आज्ञेचा आकडा शोधायचा आणि एकेक बाइट बोटाने भरायचा. एप्रिल लागला की प्रयोगशाळेत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. त्या वासासकट अजून आठवतं: एचएल जोडीत २०५० हा पत्ता ठेवायचा तर आधी २१ ही आज्ञा, तिच्यामागे ५० आणि मग २०. सर म्हणायचे, "इंटेलच्या चिपला खालचा बाइट आधी लागतो." आम्ही ते पाठ केलं आणि जगात दुसरी काही रीत असेल असं मनातही आलं नाही.

मोटोरोलाची ६८००० समोर आली तेव्हा दुसरी रीत कळली. ही १९७९ ची चिप वरचा बाइट आधी ठेवते. १२३४५६७८ हा हेक्स आकडा तिच्या मेमरीत १२, ३४, ५६, ७८ असाच पडतो, इंटेलच्या मेमरीत मात्र ७८, ५६, ३४, १२. दोन्हींमागे सरळ विचार आहे. मोटोरोलाचा डम्प, म्हणजे जशीच्या तशी छापलेली मेमरी, माणसाच्या डोळ्याला वाचता येतो. इंटेलच्या मांडणीत आकडा एका बाइटाचा असो की चार, त्याचा सर्वांत खालचा बाइट त्याच पत्त्यावर सापडतो. पहिलीला बिग-एंडियन म्हणतात, दुसरीला लिटल-एंडियन. ही नावं डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या आपल्या टिपणातून संगणकाच्या जगात आणली. स्विफ्टच्या १७२६ च्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून राज्यं लढतात, त्या भांडणातून ती घेतलेली. कोणता क्रम निवडला यापेक्षा सगळ्यांनी एकच क्रम मानणं मोलाचं, असं कोहेन यांनी त्यात कळवळून मांडलं होतं.

मराठी माणसाला तर हे घरचंच. आपण २५ लिहितो तेव्हा दशक आधी येतं आणि पंचवीस म्हणतो तेव्हा एकक आधी. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच', 'साठ दोन' असं संख्यावाचन आलं आणि घरांपासून विधिमंडळापर्यंत वाद पेटला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. ज्यांनी उमेदीची वर्षं ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेलं कार्ड यांच्यातला दुभाषा प्रोग्रॅम, लिहिण्यात घालवली त्यांना तो वाद ऐकताना आपलंच काम आठवलं असेल. बोलणाऱ्याचा क्रम ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर दोन्ही रीती सुखाने नांदतात. ठाऊक नसेल तर बावन्नचे पंचवीस होतात आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

प्रोसेसर आपल्याच मेमरीशी बोलतो तोवर क्रम कोणताही चालतो. प्रश्न येतो तो वेशीवर, आणि डिव्हाइस ड्रायव्हर हा वेशीवरचाच कारभारी. पीसीआय बस १९९२ साली इंटेलकडून आली, तिचा क्रम लिटल-एंडियन. सनच्या स्पार्क प्रोसेसरचा क्रम बिग-एंडियन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सनच्या मशिनांत पीसीआयचे स्लॉट आले आणि पीसीसाठी बनलेली कार्डं तिथे बसू लागली. कार्ड बसलं, दिवा लागला, तरी ड्रायव्हर पीसीवरून जसाच्या तसा उचललेला असला तर गाडी पुढे सरकत नसे. इंटेलच्या कार्डाचा ओळख क्रमांक ८०८६, तो ८६८० असा वाचला जाई. रजिस्टरमध्ये १ असेल तर प्रोसेसरला १,६७,७७,२१६ दिसत. गंमत अशी की कार्डातलं नाव, आवृत्तीचा मजकूर सगळं शुद्ध यायचं, कारण अक्षर एकेका बाइटाचं, त्याला उलटायला काही नसतं. मजकूर ठीक आणि आकडे वेडेवाकडे दिसले की जाणत्याचा हात लगेच बाइटांच्या क्रमाकडे जाई.

तेव्हाची कामाची पद्धत डोळ्यांपुढे येते. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढलेला डम्प टेबलाच्या कडेवरून खाली लोळतोय, दोघं-तिघं त्यावर वाकलेत, लाल पेनाने चार-चार बाइटांचे गट पाडलेत आणि कुणीतरी पुटपुटत ते उलटे वाचतोय. नागपूरहून पुण्याला नोकरीला गेलेल्या आमच्यातल्या अनेकांना यंत्र खऱ्या अर्थाने कळलं ते या वाकून वाचण्यातून. कोड मात्र विद्रूप व्हायचा. जागोजाग इफडेफ: स्पार्क असेल तर हे, इंटेल असेल तर ते. सी भाषेतले बिटफील्ड तर आणखी नाठाळ. बाइट उलटवले तरी एका बाइटातल्या बिटांची मांडणी कंपायलरच्या मर्जीवर. एकाच कार्डाचे दोन ड्रायव्हर होऊन ते हळूहळू वेगळ्या वाटेला लागत. एकात झालेली दुरुस्ती दुसऱ्यात पोचायला महिने जात.

महाराष्ट्रात या उलटापालटीचा सर्वांत मोठा प्रवास परम संगणकांनी केला आणि त्याचा धागा नागपूरशी जुळतो. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, १९६० साली सुरू झालेल्या इथल्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, १९६५ साली पदवी घेतलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० उभा केला, तो इन्मॉसच्या ट्रान्सप्युटर चिपांवर, म्हणजे लिटल-एंडियन. १९९८ चा परम १०००० सनच्या अल्ट्रास्पार्कवर, म्हणजे बिग-एंडियन. २००३ साली जगातल्या पाचशे वेगवान संगणकांच्या यादीत गेलेला परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर, तोही बिग-एंडियन. २००८ चा परम युवा इंटेलच्या झिऑनवर, पुन्हा लिटल-एंडियन. संगणकांना जोडणारं परमनेट हे जाळं सी-डॅकने स्वतः घडवलं. त्याची पहिली पिढी परम १०००० बरोबर आली, दुसरी परम पद्मबरोबर, तिसरी युवाबरोबर. जाळं घरचं, प्रोसेसर दर वेळी पाहुणा, आणि पाहुण्याचा क्रमही बदलता. आपल्याकडे परमचं कौतुक वेगाच्या आकड्यांनी होतं, ते व्हायलाच हवं. पण या स्थित्यंतरांत सॉफ्टवेअर हातपाय मोडू न देता पलीकडे नेणाऱ्यांचं कौतुक कुणी मनापासून केल्याचं मी वाचलेलं नाही, आणि त्याची मला खंत आहे.

आज क्रम सांभाळण्याची तीच गोष्ट किती सुबक झाली आहे! लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये प्रत्येक आकड्याच्या प्रकारातच त्याचा क्रम लिहिता येतो: हा एलई३२, म्हणजे लिटल-एंडियन, हा बीई३२, म्हणजे बिग-एंडियन. २००३ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी स्पार्स नावाचं तपासणीचं साधन लिहिलं. त्या खुणा पाहून ते आकडा न उलटवता वापरला की बोट ठेवतं. कार्डाचं रजिस्टर वाचणारी नेहमीची फंक्शनं लिटल-एंडियन गृहीत धरतात आणि प्रोसेसर उलट्या क्रमाचा असेल तर गुपचूप उलटवून देतात. डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट, मेमरीत उतरलेल्या डिस्क्रिप्टरचं भान मात्र अजूनही लिहिणाऱ्यानेच ठेवायचं. एकच ड्रायव्हर, एकच फाइल, आणि तो इंटेल, आर्म, पॉवर, मिप्स कुठेही चालतो. इफडेफच्या जंगलातून आलेल्या माणसाला हे पाहून भरून येतं.

आणि तरी काहीतरी निसटलं आहे. मिहानमध्ये किंवा परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारी आजची मुलं हुशार आहेत, आमच्यापेक्षा वेगवान आहेत, पण त्यांच्या टेबलावर येणारं प्रत्येक यंत्र एकाच क्रमाचं आहे. इंटेल लिटल, मोबाइलमधला आर्म लिटल. अ‍ॅपलने २००६ साली पॉवरपीसी सोडून इंटेल घेतला. पॉवर८ पासून आयबीएमनेही लिनक्ससाठी लिटल-एंडियन वाट धरली. आपल्या मद्रास आयआयटीचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या रचनेवरचे, तेही त्याच बाजूचे. २०२५ साली रिस्क-फाइव्हचं बिग-एंडियन रूप लिनक्समध्ये आणण्याचा विषय निघाला तेव्हा टोरवाल्ड्स यांनी ठाम नकार दिला. व्यवहाराने पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे, नव्या गोंधळाला आमंत्रण कशाला? पण दुसरा क्रम कधी डोळ्यांनी पाहिलाच नाही तर एलई३२ ही खूण नुसती सवयीची होते. मुलं ती लिहितात, कारण शेजारच्या ओळीत लिहिलेली असते.

दुसरा क्रम अजून जिवंत आहे. इंटरनेटच्या पॅकेटच्या शीर्षकातले आकडे बिग-एंडियनच असतात, त्यामुळे प्रत्येक लॅपटॉप नेटवर्कशी बोलताना ते उलटवत असतो. आयबीएमची मोठी मेनफ्रेम यंत्रं बिग-एंडियन आहेत, आणि बँकांचे हिशेब तिथे चालतात. जुन्या वाय-फाय राउटरांतले कितीतरी मिप्स प्रोसेसर त्याच क्रमाचे. परकं यंत्र मिळवायला आम्हाला कुणाच्या तरी मशिनवर रात्रीचा वेळ मागावा लागे. आता क्यूएमू नावाचं मोफत सॉफ्टवेअर बिग-एंडियन मिप्सचं अख्खं यंत्र लॅपटॉपच्या आत उभं करतं.

म्हणून नागपुरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात एक प्रयोग वाढवा. मुलांना नेटवर्क कार्डाचा छोटा ड्रायव्हर लिहायला लावा, आधी इंटेलवर चालवा, मग त्यातला एकही शब्द न बदलता क्यूएमूतल्या मिप्सवर. जिथे अडेल तिथला डम्प कागदावर छापा आणि मुलांच्या हातात लाल पेन द्या. कुठल्याही कॉलेजात असा प्रयोग लागला तर मदतीला यायला मी तयार आहे.