तेल कोमट हवं

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि आता त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत त्यांना सगळे मावशीच म्हणतात. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर पालथं बाळ घ्यायचं आणि पाठीत तेल जिरवायचं, हे त्यांचं काम. अलीकडे त्याच घरांतून वेगळा निरोप येतो : "मावशी, बाळाचं झालं की जरा आजींनाही बघा."

पहिल्यांदा असा निरोप आला, तेव्हा मावशींनी आजींना बाळंतिणीचाच हात लावला. बाळंतिणीचं अंग रगडून घेतं, तिला जोर हवाच असतो. दुसऱ्या दिवशी आजींच्या दंडावर बोटं काळीनिळी उमटली होती. आजींना रक्त पातळ करण्याची गोळी चालू होती. घरच्यांनी ते सांगितलं नव्हतं आणि मावशींनी विचारलं नव्हतं. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज आजही उतरतो.

त्या दिवसापासून वाटीत तेल ओतण्याआधी प्रश्न येतात. गोळ्या कुठल्या चालू आहेत? हल्ली कुठे पडलात का? साखर आहे का? पायाला चिमटा काढला तर कळतो का? मग दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर तिला हात लावायचाच नाही. आत शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, चोळण्याने ती सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते. अशा दिवशी वाटी पिशवीत परत जाते आणि घरच्यांना आधी डॉक्टर गाठायला सांगितलं जातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर किंवा टाचेवर लाल डाग दिसला, तरी तेच. 'चोळलं की रक्त खेळेल' असं घरोघरी म्हटलं जातं, पण तिथली कातडी आधीच दबून दुखावलेली असते आणि चोळण्याने आतलं नुकसान वाढतं. तिथे कूस बदलणं हाच उपाय.

म्हातारी कातडी समजून घेणं हा या कामाचा अर्धा भाग आहे. वय वाढतं तशी त्वचेच्या वरच्या आणि आतल्या थरांना धरून ठेवणारी वीण सपाट होत जाते, खालची चरबी ओसरते, आणि साध्या ओढीनेही कातडी फाटू शकते. म्हणून तेल थोडं जास्त घ्यायचं, तळवा पूर्ण टेकवायचा आणि बोटांची टोकं वापरायची नाहीत. आजींना पालथं झोपायला लावायचं नाही. खुर्चीत बसवून किंवा गुडघ्यांखाली उशी देऊन वीस मिनिटं पुरतात. मानेच्या पुढच्या बाजूला तर हात जाताच कामा नये.

वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करायला सांगितलं आहे, त्यातही डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष. त्याच अध्यायात अजीर्ण झालं असेल तर तेल लावू नये, असंही बजावलं आहे. लोक पहिलं लक्षात ठेवतात आणि दुसरं विसरतात.

मावशींचा हात म्हाताऱ्या माणसांवर आपोआप संथ होतो. मनगटापासून कोपरापर्यंत जायला पाच-सहा सेकंद. हा वेग त्यांना कुणी शिकवलेला नाही. पण आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू असे आहेत, की ते नेमके याच संथ स्पर्शाला जागे होतात : सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली ते मोजून दाखवलं. स्पर्श त्वचेइतका उबदार असेल तर ते आणखी चांगला प्रतिसाद देतात, हे पुढे कळलं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करण्याची घरची रीत म्हणूनच सोडू नये.

गुडघ्यांचं काय, हे प्रत्येक घरात विचारतात. अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या ६८ जणांना आठ आठवडे मालीश देऊन पाहिलं, तेव्हा वेदना आणि ताठरपणा कमी झाला. तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ साली २२२ जणांच्या मोठ्या अभ्यासातही आठ आठवड्यांनंतर फरक दिसला, पण वर्षाच्या शेवटी मालीश घेणारे आणि न घेणारे यांच्यात ठळक अंतर उरलं नव्हतं. मावशी हे आपल्या शब्दांत सांगतात : "गुडघा नवा नाही होत. पण दुपारी जिना उतरवतो."

तेल लावून झालं, की खरी काळजी सुरू होते. तेलकट तळपाय आणि गुळगुळीत फरशी यांची गाठ पडली, तर खुब्याचं हाड मोडायला क्षण पुरतो. म्हणून तळपाय शेवटी, डाळीच्या पिठाने पुसून, मग जुने सुती मोजे. मोरीत स्टूल, हाताशी कठडा. ज्यांच्या पायांची जाणीव गेलेली आहे, त्यांना काशाची वाटी फिरवायची नाही, कारण कुठे खरचटलं ते त्यांना कळतच नाही.

आणि जे कुठल्याही मापात बसत नाही, ते रोज दिसतं. बाळाला दिवसभर कुणी ना कुणी उचलतं, कुरवाळतं. त्याच घरात आजींच्या अंगाला हात लागतो तो रक्तदाब मोजण्यापुरता किंवा इंजेक्शनपुरता. मावशी "हात लावू का, आजी?" असं विचारतात, तेव्हा कित्येक जणी आधी बावरतात, मग बोलू लागतात. खांद्यापासून सुरू झालेलं बोलणं नवऱ्याच्या जाण्यापर्यंत पोचतं. हात थांबला तर बोलणं थांबतं, हे ओळखून मावशी त्या दिवशी खांद्यावरच रेंगाळतात.

मायामीच्या टच रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९९८ साली एक छोटा प्रयोग झाला. निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी तीन आठवडे स्वतः मालीश घेतलं आणि तीन आठवडे तान्ह्या बाळांना मालीश दिलं. घेण्यापेक्षा देण्याच्या दिवसांत त्यांची उदासी आणि बेचैनी अधिक उतरली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठं काही उभारता येणार नाही. पण मावशींच्या घरोघरच्या अनुभवाशी तो जुळतो.

मागच्या थंडीत एका घरी बाळ त्यांच्या पायांवर होतं आणि पणजी खुर्चीतून पाहत होत्या. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. मावशींनी त्यांची खुर्ची जवळ ओढून घेतली, तळहातावर कोमट तेल ओतलं आणि बाळाचे पाय त्यांच्याकडे वळवले. पणजींनी आधी नको नको केलं. मग अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मऊ भागाने त्या बाळाची टाच हळूहळू चोळू लागल्या, बहुधा पन्नास वर्षांपूर्वी चोळत असतील तशीच. बाळाने पाय झाडला. त्यांनी तो परत धरला, आणि मावशींनी तेलाची वाटी त्यांच्या बाजूला सरकवली.